यंत्राच्या पोटातला हजेरीपट

पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकाशी उभे राहून माणसे मोजण्याचे काम आम्ही आयुष्यात पुष्कळ केले आहे. फाटकातून बाहेर पडतात ५९ आणि हजेरीपटावर नावे असतात ४१. मधली १८ माणसे कोण? ती काम करतात, घाम गाळतात, यंत्रात बोट सापडले तर त्यांचेच सापडते. पण कागदावर ती नाहीतच. विचारावे तर व्यवस्थापक म्हणतो, ‘अशी कोणी माणसे आमच्याकडे नाहीत.’ तीस वर्षे चळवळीत काढल्यावर आमच्या मनात एक गोष्ट पक्की बसली आहे. कोणत्याही जागेचे खरे रूप जाणावयाचे तर आधी तेथला हजेरीपट मागावा, आणि मग तो प्रत्यक्षाशी ताडून पाहावा.

संगणकाच्या पोटातही असा एक हजेरीपट असतो. तो कसा वाचावयाचा, त्यात नाव कसे चढवावयाचे आणि कसे कमी करावयाचे, हा आजचा विषय. या विषयावर बोलावयास कामगार संघटनेचा माणूस कशाला, असा प्रश्न काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस दिसतो आहे, आणि तो रास्त आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात आणि ठेचा खाऊन. पण संघटनेच्या कचेरीतला संगणक गेली काही वर्षे आम्हीच सांभाळतो. सभासदांची वर्गणी, ग्रॅच्युइटीचे हिशेब, मागणीपत्रे, सारे त्यात आहे. तेव्हा हे यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हा आमच्या दृष्टीने केवळ हौसेचा प्रश्न नव्हे.

त्या संगणकावर लिनक्स आहे. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या हेलसिंकी येथील विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी तोच गाभा आहे. पण नुसत्या गाभ्याने पत्र टाइप होत नाही. त्याभोवती हजारो प्रोग्राम जमवून, एकमेकांशी जुळवून, वापरण्याजोगा संच करून देणारे निरनिराळे संघ आहेत. त्यांपैकी डेबियन हा आमच्या कचेरीतला संच. इयन मरडॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी तो जाहीर केला. त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांची सांगड घालून नाव केले डेबियन. हा संच कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो चालवितात, त्यांची लिखित घटना आहे, आणि त्यांचा प्रमुख दरवर्षी मतदानाने निवडला जातो. आमच्या काही मोठ्या संघटनांतूनसुद्धा दरवर्षी निवडणूक होत नाही, हे येथे जाता जाता नमूद करून ठेवतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. लिनक्समध्ये प्रोग्राम येतो तो पॅकेजच्या रूपाने. पॅकेज म्हणजे एक बांधलेले गाठोडे. आत प्रोग्रामच्या फायली असतात आणि वर एक चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नाव, आवृत्तीचा आकडा, बांधणाऱ्याचे नाव, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ‘मला चालावयास आणखी कोणकोणती गाठोडी लागतात’ याची यादी. एकटा प्रोग्राम सहसा चालतच नाही. पत्र टाइप करणाऱ्याला अक्षरे दाखविणारा लागतो, त्याला टंक लागतो, टंकाला आणखी कोणी. लग्नाचे आमंत्रण एका नवरदेवाला द्यावे आणि दाराशी सगळे वऱ्हाड उभे राहावे, तशातला हा प्रकार. १९९८ सालापूर्वी डेबियन वापरणाऱ्यांना हे वऱ्हाड जमविताना बरीच खटपट करावी लागत असे. त्या साली ॲप्ट नावाचे साधन आले, आणि तेव्हापासून वऱ्हाड जमविण्याचे काम पुष्कळ सोपे झाले. डेबियनच्या १२ व्या आवृत्तीत, म्हणजे जून २०२३ च्या, अशी ६४,००० हून अधिक गाठोडी कोठारात होती.

म्हणजे दोन कारकून झाले. एक डीपीकेजी, हा यंत्रात बसून हजेरीपट लिहितो. दुसरा ॲप्ट, हा दूरच्या कोठाराशी बोलतो, वऱ्हाड ठरवितो आणि प्रत्यक्ष नोंद डीपीकेजीकडून करवितो. दोघांशी बोलावयाचे ते काळ्या पडद्यावर, कळफलकावरून आज्ञा लिहून. आज्ञा रोमन लिपीत लिहावयाच्या असतात. आम्ही येथे त्यांचे उच्चार तेवढे देत आहोत. चित्रांवर टिचक्या मारूनही ही कामे होतात, मग पडदा कशाला? कारण असे की, चित्र तुम्हांला इतकेच सांगते की ‘झाले’ किंवा ‘झाले नाही’. पडदा सांगतो, कोण आले, कोण गेले, का गेले. तोंडी आश्वासन आणि लेखी करार यांतला फरक ज्यांनी भोगला आहे, त्यांना अधिक सांगावयास नको.

हजेरीपट पाहावयाचा तर ‘डीपीकेजी’ लिहून पुढे आडवी रेघ आणि लहान एल. पडद्यावर ओळींचा पूर लोटतो. आमच्या कचेरीतल्या साध्यासुध्या यंत्रावर दीड हजारांवर नावे निघाली, तेव्हा आम्ही खुर्चीतून उठलोच. घरात पाच माणसे समजून चाललो होतो आणि माळ्यावर गाव वसलेले! प्रत्येक ओळीत नाव, आवृत्ती, आणि दोन शब्दांत कामाचे वर्णन असते. पण आमचे सर्वांत आवडते आहे ते ओळीच्या आरंभीचे अक्षरांचे जोडपे.

त्यातले पहिले अक्षर इच्छा सांगते. दुसरे वस्तुस्थिती सांगते. ‘आय-आय’ असेल तर असावे अशी इच्छा आणि आहेही. ‘आर-सी’ असेल तर काढावे अशी इच्छा. प्रोग्राम गेलाही, पण त्याच्या रचनेच्या फायली मागे उरल्या आहेत. ‘एच-आय’ असेल तर आहे त्या आवृत्तीवर धरून ठेवलेला. ‘आय-यू’ म्हणजे गाठोडे सोडले, पण सामान मांडले नाही. ‘आय-एफ’ म्हणजे मांडता मांडता अर्ध्यावर राहिले. ठराव एका रकान्यात आणि अंमल दुसऱ्या रकान्यात, दोन्ही शेजारीशेजारी! आम्ही आजवर जितक्या कार्यकारिणीच्या सभा पाहिल्या, त्यांत ठरावांची वही असे. अंमलाची वही कोणी ठेवल्याचे आठवत नाही. एका साध्या प्रोग्रामने ती ठेवावी याचा आम्हांस पहिल्या दिवशी जो अचंबा वाटला, तो अजून ओसरलेला नाही.

यातली ‘आय-एफ’ ही अवस्था आमच्याकडे वीज जाण्याने येते. नवी आवृत्ती चढत असताना दिवे गेले की काही गाठोडी अर्धवट राहतात, आणि पुढचे सारे काम अडून बसते. घाबरून यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू करू नये. ‘डीपीकेजी’, मग दोन आडव्या रेघा देऊन ‘कॉन्फिगर’, मग एक रेघ आणि ए, असे लिहावे. अर्धवट राहिलेली सारी मांडणी तो पुरी करून घेतो. तरीही वऱ्हाडातले कोणी कमी पडत असेल, तर ‘ॲप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ ही दुसरी आज्ञा आहे.

हजेरीपटात बदल करणाऱ्या प्रत्येक आज्ञेपूर्वी ‘सूडो’ हा शब्द लिहावा लागतो. आपल्या मराठीतल्या सूडाशी त्याचे काही नाते नाही, जरी निष्काळजीपणे वापरल्यास तो सूड उगवितो खरा. त्याचा अर्थ इतकाच की, हे काम यंत्राच्या मुख्याधिकाऱ्याच्या अधिकाराने करावयाचे आहे. नुसता हजेरीपट वाचावयाचा तर सूडो लागत नाही. वाचण्याचा हक्क सर्वांना आणि बदलण्याचा जबाबदार माणसाला, ही वाटणी आम्हांस योग्य वाटते.

नाव चढविण्याची आज्ञा ‘ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे पॅकेजचे नाव. त्याआधी ‘ॲप्ट अपडेट’ करावे. येथे नवखे लोक हमखास फसतात. अपडेटने यंत्रातले काहीही नवे होत नाही; केवळ कोठाराची यादी ताजी होते. प्रत्यक्ष माल बदलतो तो ‘ॲप्ट अपग्रेड’ने. एक बाजारभावाचा फलक वाचणे आणि दुसरे प्रत्यक्ष बाजार करून येणे. आमचे एक सहकारी वर्षभर रोज सकाळी न चुकता अपडेट करीत आणि यंत्र अगदी ताजे आहे अशा समाधानात राहत. फलक वाचून पिशवी रिकामी घेऊन येणारा गृहस्थ तो!

काढण्याच्या आज्ञा दोन. ‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो पण रचनेच्या फायली राहतात, तेच ते ‘आर-सी’. ‘पर्ज’ने त्याही जातात. तुमच्या स्वतःच्या खणातली पत्रे आणि हिशेब यांना ॲप्ट सहसा हात लावीत नाही. मात्र डेटाबेस चालविणाऱ्या काही पॅकेजांचे पर्ज करताना ‘साठविलेली माहितीही पुसू काय’ असा प्रश्न येतो, तेथे डोळे उघडे ठेवून उत्तर द्यावे.

आता तिसऱ्या आज्ञेची कथा. ती आम्ही फी भरून शिकलो.

ॲप्ट प्रत्येक नावापुढे एक खूण ठेवतो. हे तुम्ही स्वतः बोलाविले, की दुसऱ्याबरोबर आपोआप आले? ज्याच्यासाठी आले तो निघून गेला, की वऱ्हाडी रिकामे ठरतात, आणि ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा त्यांना निरोप देते. उत्तम सोय आहे. आमच्या जुन्या यंत्राची तबकडी भरत आली होती. कचेरीत लिब्रेऑफिस हा पत्रे व हिशेब करण्याचा संच होता. त्यातला बेस नावाचा भाग आम्ही कधी उघडला नव्हता. म्हटले, तेवढा काढून जागा करावी. आज्ञा दिली. पडद्यावर आले की बेसबरोबर ‘लिब्रेऑफिस’ हेही नाव जाईल. पुढे जाऊ काय? आम्ही घाईत वाय दाबले. मग यंत्राने सांगितले की पुष्कळ पॅकेजे आता कोणालाच लागत नाहीत, ऑटोरिमूव्ह करावे. यंत्रच सांगते आहे तर बरोबरच असेल, असे म्हणून तेही केले. जागा तर चांगली झाली!

संध्याकाळी सात वाजता पत्र उघडावयास गेलो, तर पत्र उघडणारा कोणी उरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता समेट अधिकाऱ्यांपुढे एका वादात आमचे लेखी म्हणणे द्यावयाचे होते. बावीस कंत्राटी कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, आणि प्रतिपक्ष आमच्या एका चुकीची वाट पाहत बसला होता.

झाले होते ते असे. ‘लिब्रेऑफिस’ या नावाच्या पॅकेजमध्ये स्वतःचे असे फारसे काही नसते. ते म्हणजे नुसती यादी. रायटर, कॅल्क, बेस आणि आणखी काही यांना एकत्र बोलावणारे आमंत्रणपत्र. बोलाविले होते ते या यादीला; रायटर आणि कॅल्क हे वऱ्हाडी म्हणून आले होते. यादीतला बेस काढला, तेव्हा यादी अपुरी पडून स्वतः गेली. यादी गेली तेव्हा रायटर आणि कॅल्क यांचा कोणी वाली उरला नाही. यंत्राने लबाडी केली नव्हती. प्रत्येक पायरीवर त्याने नावे छापून विचारले होते. आम्ही वाचले नाही, इतकेच. ज्या माणसाने आयुष्यभर मजुरांना ‘वाचल्याशिवाय अंगठा उठवू नका’ असे सांगितले, त्याने हे करावे!

एका सभासदाच्या मुलाला बोलावणे धाडले. तो आला, हसला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, ‘काका, घाबरू नका. सगळे लिहून ठेवलेले असते.’ व्हार, मग लॉग, मग ॲप्ट, अशा एकात एक कप्प्यांत हिस्ट्री नावाची एक साधी फाईल असते. तिच्यात दिवस, वेळ, कोणती आज्ञा दिली, तिने कोणती नावे आली आणि कोणती गेली, सारे ओळीने नोंदलेले. आमचा अपराध मिनिटासकट तेथे होता. त्याने ‘ॲप्ट इन्स्टॉल लिब्रेऑफिस’ करून सारे परत बोलाविले. इंटरनेटची गती बेताची, म्हणून पाऊण तास लागला. पत्राची फाईल जागच्या जागी होती. म्हणणे दुसऱ्या दिवशी वेळेवर दाखल झाले.

जाताना त्याने दोन गोष्टी शिकविल्या. पहिली ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’. हे लिहून पुढे रायटर व कॅल्क यांची पॅकेजनावे दिली की ते वऱ्हाडी न राहता स्वतंत्र आमंत्रित होतात, आणि मग यादी गेली तरी त्यांना कोणी उठवीत नाही. कंत्राटी माणूस कायम करण्याचा हा प्रकार. आमच्या धंद्यात याला दहा-दहा वर्षे लागतात. दुसरी, कोणत्याही आज्ञेत आडवी रेघ आणि लहान एस घातला की ॲप्ट प्रत्यक्ष काही करीत नाही. केवळ काय होईल ते सांगतो. ही रंगीत तालीम केल्याशिवाय आम्ही आता काही काढीत नाही.

अशी फी भरणारे आम्ही एकटेच नव्हतो, एवढे समाधान आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवर संगणकाविषयी बोलणारे एक सुप्रसिद्ध गृहस्थ पॉप ओएस नावाच्या लिनक्सवर खेळाचा एक प्रोग्राम चढवीत होते. पॅकेजांच्या जुळणीत दोष होता, आणि ॲप्टने बजाविले की असे केल्यास पडद्यावरचा सारा कारभारच काढावा लागेल. खरोखर करावयाचे असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे वाक्य टाइप करा, असे त्याने मागितले. त्यांनी ते टाइप केले, आणि यंत्राने आज्ञा पाळली. उरला तो काळा पडदा. यंत्राची चूक, जुळणी करणाऱ्यांची चूक, की वाचणाऱ्याची? आमच्या मते पहिली चूक जुळणीची. पण वाक्य टाइप केले ते त्यांनीच.

येथवर घरातल्या गोंधळाविषयी झाले. बाहेरून होणाऱ्या घाताविषयी सांगावयाचे तर २०२४ सालाकडे जावे लागते. एक्सझेड नावाचे एक लहानसे साधन आहे. फायली दाबून लहान करणे, एवढेच त्याचे काम. बहुतेक सर्व लिनक्स यंत्रांत ते वऱ्हाडी म्हणून असते. कोणी त्याला मुद्दाम बोलावीत नाही. ते लासे कॉलिन नावाचे एक गृहस्थ कैक वर्षे बिनपगारी सांभाळीत होते. थकलेले, एकटे. जिया टॅन असे नाव सांगणारा कोणी मदतनीस पुढे आला, दोन वर्षांहून अधिक काळ निमूट चांगले काम करीत राहिला, विश्वास मिळविला, हाती सूत्रे आली. आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत त्याने चोरदरवाजा दडविला. तो दरवाजा उघडला असता, दूरवरून यंत्रात शिरण्याची किल्ली त्या माणसाच्या हाती गेली असती. जिया टॅन म्हणजे खरोखर कोण, हे उघड झालेले नाही.

हे उघडकीस आले २९ मार्च २०२४ रोजी. आंद्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंता आपल्या यंत्राच्या चाचण्या घेत होते. दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकले. अर्धा सेकंद! दुसरा कोणी चहा घ्यावयास गेला असता. त्यांनी पाठपुरावा केला आणि धागा एक्सझेडपर्यंत पोहोचला.

त्या दिवशी जगभर यंत्रे सांभाळणाऱ्या प्रत्येकापुढे एकच प्रश्न होता. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे? ज्याला हजेरीपट वाचता येत होता त्याने ‘डीपीकेजी, रेघ, एल’ आणि पुढे एक्सझेड-यूटिल्स असे लिहून क्षणात उत्तर मिळविले. ज्याला येत नव्हते तो वर्तमानपत्र वाचून घाबरत बसला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ते विष शिरलेच नव्हते. चाचणीच्या आवृत्त्यांत शिरले होते. तेथे दुरुस्ती करताना एक गमतीची अडचण आली. अपग्रेड करताना ॲप्ट मोठ्या आकड्याकडे जातो, उलटा फिरत नाही. आणि परत जावयाचे होते जुन्या ५.४.५ कडे. तेव्हा डेबियनकारांनी नव्या गाठोड्याला आवृत्ती दिली ती ‘५.६.१ अधिक रियली ५.४.५’ अशी. म्हणजे नाव ५.६.१ चे, पण खरोखर ५.४.५. आवृत्तीच्या रकान्यात इतके प्रांजळ निवेदन आम्ही दुसरे पाहिलेले नाही.

या प्रकरणात आम्हांस सर्वांत अधिक बोचले ते कॉलिन यांचे एकटेपण. ज्याच्या कामावर लाखो यंत्रे उभी, त्याला पगार नाही, रजा नाही, बदली माणूस नाही. उलट ‘काम लवकर का होत नाही’ म्हणून टपालातून टोचणारे मात्र होते. फट पडली ती तेथे.

काही जण एखादी आवृत्ती चांगली चालते म्हणून ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ करून तिला जागी धरून ठेवतात. तेच ते ‘एच-आय’. गरज असेल तर जरूर धरावे. पण धरल्याची तारीख भिंतीवर लिहून ठेवावी. धरलेल्या पॅकेजला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत, आणि धरणारा विसरून जातो.

आता हजेरीपटाबाहेरची माणसे. एखाद्या फायलीकडे बोट दाखवून ‘ही कोणाची’ असे विचारावयाचे तर डीपीकेजीला रेघ आणि मोठा एस द्यावा. तो पॅकेजचे नाव सांगतो. उलट, मोठा एल दिला की त्या पॅकेजच्या सर्व फायलींची यादी मिळते. आमच्या कचेरीतली पत्रके ज्या लोहित देवनागरी टंकात छापतात, तो यंत्रात नेमका कोठे बसला आहे, हे आम्ही असेच शोधले. एकदा एका फायलीविषयी विचारले, तर उत्तर आले की अशी नोंदच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, कोणी उत्साही तरुणाने इंटरनेटवरून एक आज्ञा उचलून सूडोने सरळ चालविली होती. ती फाईल ॲप्टच्या मार्गाने आलीच नव्हती. तिला दुरुस्ती मिळणार नाही, ऑटोरिमूव्ह तिला पाहणार नाही, आणि काही बिघडले तर उत्तर द्यावयास कोणी नाही. फाटकावर मोजलेली ती १८ माणसे आम्हांस तेव्हा आठवली.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही नव्या चालीची गाठोडी आहेत. त्यांचे हजेरीपट वेगळे असतात. ‘स्नॅप लिस्ट’, ‘फ्लॅटपॅक लिस्ट’ अशा आज्ञांनी तेही पाहावेत. रेड हॅटच्या घराण्यातल्या यंत्रांवर डीपीकेजीच्या जागी आरपीएम आणि ॲप्टच्या जागी डीएनएफ असतो. शब्द वेगळे, व्यवहार तोच; मात्र डीएनएफचा एक गुण आम्हांस हेवा वाटावा असा आहे. ‘डीएनएफ हिस्ट्री अनडू’ म्हणून केलेला व्यवहार उलटविण्याचा प्रयत्न करता येतो. त्या संध्याकाळी आम्हांला ते फार उपयोगी पडले असते.

एखादे नाव पाहून ‘हा येथे का’ असा प्रश्न पडला, तर ॲप्टिट्यूड नावाचे साधन वेगळे चढवून घ्यावे आणि ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ असे विचारावे. अमक्याला तमका लागतो आणि तमक्याला हा, अशी साखळी ते दाखविते. चौकशी अधिकाऱ्याने असे सरळ उत्तर दिल्याचे आमच्या स्मरणात नाही.

हा हजेरीपट म्हणजे शेवटी व्हार, लिब, डीपीकेजी या कप्प्यांतली स्टेटस नावाची साधी मजकुराची फाईल आहे. वाचता येईल अशी, गुप्त काही नाही. व्हार, बॅकअप्स या कप्प्यात तिच्या मागच्या काही प्रतीही आपोआप ठेवल्या जातात. हजेरीपट आणि प्रत्यक्ष फायली यांचा मेळ घालावयाचा तर ‘डीपीकेजी व्हेरिफाय’ आहे. ज्या फायली मूळ गाठोड्यातल्याप्रमाणे राहिल्या नाहीत त्यांची नावे तो देतो. पण ज्या चोराने मुख्याधिकाऱ्याची किल्ली मिळविली, तो हजेरीपटही बदलू शकतो. म्हणून या तपासाला अखेरचा शब्द मानू नये.

आमच्या कचेरीत आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक काम होते. ‘ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल’ ही आज्ञा दिली की आपण बोलाविलेल्यांचीच नावे येतात; दीड हजारांच्या जागी साठ-सत्तर. ती यादी आम्ही छापून घेतो आणि सभासद नोंदवहीच्या कपाटात लावतो. यंत्र उद्या मोडले तर नव्या यंत्रावर कोणाकोणाला बोलवावयाचे, ते त्या दोन कागदांवर आहे. खजिनदार दर वेळी यादीवर सही करण्यापूर्वी चष्मा लावून प्रत्येक नाव वाचतात, आणि एखाद्यावर बोट ठेवून विचारतात, ‘हा कोण, आणि याला कोणी घेतले?’ गेल्या महिन्यात अशा दोन नावांचे उत्तर आम्हांला देता आले नाही. ती दोन्ही, रंगीत तालीम घेऊन, आम्ही काढली.